उंबऱ्याबाहेरच्या डाळिंबी सँडल

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका मॉलमध्ये मी सँडल बघत होते. दुकानातल्या मुलीनं खोकं उघडलं, पातळ कागद बाजूला केला आणि सँडल माझ्यापुढे धरली. मी पाय पुढे करायच्या ऐवजी हात पुढे केला, आत बोटं घातली आणि पार टोकापर्यंत चाचपत गेले. ती बघतच राहिली. "मॅम, आत काही नाहीये," ती म्हणाली. "असू दे गं, सवय आहे," म्हटलं.

सवय माझी नाही, बेबीकाकूंची. पनवेल सुटलं, बदलीबरोबर भांडीकुंडी पुण्याला आली, पण ही सवय त्यांनी माझ्या हातात अशी घालून ठेवलीय की ती काही सुटत नाही.

पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या समोरचं दार म्हात्र्यांचं. बेबीकाकू, त्यांचे यजमान म्हणजे काका, मुलगा मनोज आणि सून रेश्मा. मनोजच्या न्हावा शेवा बंदरात कंटेनरच्या गाड्या चालायच्या, त्यामुळे तो घरी असला तरी कानाला फोन लावून गॅलरीतच असायचा. काकूंची साठी उलटलेली. भरल्या अंगाच्या, नऊवारी सोडून पाचवारीत आलेल्या, गळ्यात ठसठशीत सोनं. एवढ्या बाईला 'बेबी' म्हणायला माझी जीभ आधी रेटेना. पण बारशाचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "बेबीच. रेशनकार्डावर पन बेबीच. माझ्या बापाला वाटलं, मी काय मोठी होनार नाय."

आमचं सामान वर येत होतं तेव्हा ही बाई दारात उभी राहून सामानाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या पायाकडे बघत होती. बँकेत जायच्या माझ्या काळ्या, चपट्या, पट्ट्याच्या सँडल. चांगल्या टिकाऊ. काकूंनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली.

"ही सँडल नाय," त्या म्हणाल्या, "ही नोकरी हाय."

मला असा राग आला! ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्या पायावर बोलते? मी दार लावून घेतलं. आणि आत येऊन, खोटं कशाला सांगू, त्या सँडलकडे नीट बघितलं. होती खरी नोकरीच.

काकूंना सँडलचं वेड होतं. नुसतं घ्यायचं नाही, बघायचं, उचलायचं, वाकवायचं आणि त्यावर मत द्यायचं. आपल्याकडे बायका साडीवर बोलतात, दागिन्यावर बोलतात, पण पायातल्या वस्तूवर कोणी बोलत नाही. ती पायाची म्हणून हलकी. काकू मात्र कुठेही गेल्या की आधी दारात थांबायच्या. कोणाच्या घरी हळदीकुंकू असलं की आत वाणाची लूट चालू असायची आणि बाहेर दारात काकू, चपलांच्या ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून. आत येईपर्यंत त्यांना कोण कोण आलंय हे पाठ झालेलं असायचं. "ती सी-विंगवाली सोन्याच्या टाचेची घालून आलीय," मला कानात सांगायच्या. "टाचेला हिसडा बसला ना, की तीच पहिली मोडनार. आनि टाच म्हनजे सँडलची नाय, तिची."

नवीन काही बाजारात आलं की रेश्मा त्यांना फोनवर दाखवायची. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या सँडल आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "पाय काय पिशवीतली कोलंबी हाय काय, बाहेरून दिसायला? घाम आला की आत धुकं होईल." केसाळ पट्ट्याच्या आल्या तेव्हा: "ह्यात उंदीर मेलेला वाटतो." उंच जाड तळव्याच्या, सगळीकडून सारख्या उंच, त्या मात्र त्यांना पसंत. "पान्यातनं चालायला बरी, साडीचा काठ भिजत नाय." चौकोनी तोंडाच्या सँडलला त्या 'पावाचा तुकडा' म्हणायच्या. आणि कुठल्याशा परदेशी मोठ्या दुकानात आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल सोन्याच्या भावात विकायला ठेवलीय, हे रेश्मानं दाखवलं तर काकू आधी हसल्या, मग त्यांनी फोटो मोठा करून शिवण बघितली आणि गंभीर झाल्या. "चांगली हाय गो. पन करकर वाजत नाय वाटतं. जी वाजत नाय ती कोल्हापुरी कसली?"

ह्या सगळ्या मतांच्या मुळाशी त्यांचा एक नियम होता. जी काढायला खाली बसावं लागतं, ती आपली नाही. मी एकदा नव्या सँडल आणल्या, घोट्याला नाजूक बक्कल. त्यांनी मला दारात उभं केलं, एका हातात प्रसादाचं ताट दिलं, दुसऱ्या हातात माझीच पर्स. "काढ आता." मी एका पायावर नाचले, भिंतीला टेकले, ताट कलंडलं. "बग. आपली बाई दिवसातनं कितीदा दाराशी थांबते? देवळात, शेजारी, दवाखान्यात, मयताच्या घरात. दर वेळी बसनार काय तू? आपली सँडल दारापर्यंतची. एका पायानं दुसरीची टाच दाबली की सुटली पायजे."

आणि दुसरा नियम, हात घालण्याचा. घालायच्या आधी आत हात घालून टोकापर्यंत चाचपायचं. शिवण टोचते का, गोंदाचा खडा राहिलाय का, खिळा वर आलाय का. "पायाला कळायच्या आधी हाताला कळलं पायजे," असं त्या म्हणायच्या. त्यांना मधुमेह होता, बरीच वर्षं. पाय बधिर झाले होते, गरम फरशीही कळायची नाही. म्हणून हा नियम. पण त्या तसं कबूल करायच्या नाहीत. "सवय," एवढंच.

आता गंमत अशी, की एवढी आवड असून काकूंना सँडल मिळायची नाही. त्यांचे पाय रुंद, बोटं पंज्यासारखी फाकलेली. लहानपण बापाच्या मिठागरात गेलेलं, अनवाणी. "चिखलात बोटं पसरली की पाय घसरत नाय. तशीच राहिली ती," त्या म्हणायच्या. पहिली चप्पल लग्नात मिळाली. "लाल. काय सुंदर व्हती! आनि मांडवाच्या दारात म्हनाले, काढ. मी सगळं लग्न चपलेकडं बगत उभी. हार घातला कोनाला ते पन नीट बगितलं नाय." काका शेजारी पेपर वाचत असायचे. पेपर खाली न करता म्हणायचे, "चेहरा नंतर बगितला तिनं, तोपर्यंत उशीर झाला व्हता."

एकदा रेश्मा आणि मी त्यांना मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेलो. तिथल्या सगळ्यात महागड्या दुकानात, जिथे एका मोठ्या काचेच्या फळीवर एकच सँडल ठेवलेली असते आणि तिच्यावर दिवा सोडलेला असतो. काकू बिचकल्या नाहीत. थेट ती उचलली, आत हात घातला, वाकवली. चमकत्या खड्यांचा एकच पट्टा, आणि टाच पेन्सिलीएवढी.

"मॅम, ह्या सीझनचा डिझायनर पीस आहे," तिथली मुलगी म्हणाली.

"तू ही घालून उभी राहशील दिवसभर?"

मुलगी हसली. "आम्हाला साधे काळे शूज असतात, मॅम."

"मग! तुला ज्यात उभं राहवत नाय त्यात मना कशाला उभी करतेस गो?" पण बोलता बोलता काकूंचं बोट त्या खड्यांवरून फिरत होतं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या मापाची हाय काय?"

मुलीनं काकूंच्या पायाकडे बघितलं, आत गेली, आणि बाहेर येताना पुरुषी फ्लोटर घेऊन आली. करड्या रंगाची. वाईट मनानं नव्हे, बिचारी मदतच करत होती. काकू हसल्या. "आन, ह्यांना होतील," म्हणाल्या. पण त्यांचं हसू कानाशी जाऊन अडकलं ते मला दिसलं. रेश्मालाही दिसलं असणार, कारण परतताना गाडीत ती सारखी काकूंच्या पायांकडे बघत होती.

रेश्मा उरणची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची, बोलायला फटकळ, आणि सासूशी तिचं सकाळ-संध्याकाळ वाजायचं. डाळीत गूळ घालायचा की नाही इथपासून ते गॅलरीत कपडे कोणत्या बाजूला वाळत घालायचे इथपर्यंत. पण मॉलनंतरच्या एका दुपारी मी वाटी परत द्यायला गेले तर दारातच तिनं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. काकू सोफ्यावर झोपल्या होत्या, पाय बाहेर आलेले. आणि ही पोरगी गुडघ्यावर बसून, त्यांच्या तळव्याला वर्तमानपत्र लावून, पेन्सिलीनं पायाची कड काढत होती. काकूंनी झोपेत पाय हलवला की हिची पेन्सिल थांबायची. मुंबईत एक मुलगी मापावर सँडल करून देते, हे तिनं कुठूनसं शोधून काढलं होतं.

त्या सँडल आल्या. डाळिंबी रंगाच्या, मऊ चामड्याच्या, रुंद पट्टा, पट्ट्याला पैठणीसारखा जरीचा काठ, टाच बेताची. बसायची गरज नाही, एका पायानं सुटणाऱ्या. काकूंनी आधी तोंड वाकडं केलं. "रंग जरा भडक हाय." मग उंबऱ्याबाहेर जाऊन घातल्या. पायात बरोबर बसल्या. त्या जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या, मग जिना उतरून खाली वॉचमनला दाखवून आल्या. संध्याकाळपर्यंत आख्ख्या सोसायटीला कळलं. "सुनेच्या सँडल" असंच त्यांचं नाव पडलं. माझ्याकडे येऊन मात्र त्या नुसत्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "माझ्या आयशीनं पन माझ्या पायाकडं बगितलं नव्हतं गो," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी रेश्माला दिवस गेले. आधी एकदा राहून पडलं होतं, त्यामुळे सगळेच धास्तावलेले. आणि झालंही तसंच. चौथ्या महिन्यात रक्त जायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही, बाकी आता बघू. ते 'बघू' ऐकून काकूंचा चेहराच उतरला. सासू-सुनेची भांडणं बंद झाली. घर इतकं शांत झालं की मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आपल्याकडे म्हणतात ना, देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली की पीडा गेली. गेल्याचं दुःख करायचं नाही, वळून बघायचं नाही, अनवाणी घरी यायचं. आपण हे चप्पल गेल्यावर समाधानासाठी म्हणतो. काकूंनी ते उलटं धरलं. शनिवारी त्या मारुतीला निघाल्या, पायात सुनेच्या सँडल. मी म्हटलं, "काकू, अहो ह्या कशाला देवळात? कोणीतरी नेईल."

"नेऊ दे. त्याच्यासाठीच चाललेय."

मी हबकले. "मग एखादी जुनी ठेवा की."

"जुनी?" काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाचीच टिंगल केली. "देवाला फसवू काय? जी गेल्यानं काय वाटत नाय, तिच्याबरोबर पीडा कशी जाईल?"

पण पीडा जायलाच तयार नाही! काकू दर्शन घेऊन मागच्या दारानं अनवाणी सटकल्या, रिक्षानं घरी आल्या, तर पाठोपाठ फुलवाली हजर. हातात सँडल. "मावशी, विसरलात वो. मी पोत्याखाली घालून ठेवली, म्हटलं कोनी नेली तर!" काकूंनी तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर कपाळाला हात लावला. पुढच्या शनिवारी दुसरं देऊळ, तर तिथं आमच्या सोसायटीतल्या कोणीतरी ओळखल्या आणि वॉचमनकडे आणून दिल्या. पंचक्रोशीत ज्या बाईनं सगळ्यांच्या सँडलवर मतं दिली, तिच्या सँडल कोण ओळखणार नाही? "मरा मेल्यांनो, कोन चोरच राहिला नाय पनवेलात!" काकू चिडून म्हणाल्या. शेवटी त्या जुन्या पनवेलात, तळ्याच्या बाजूच्या एका लहानशा मारुतीला गेल्या, जिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आणि सँडल गेल्या.

रेश्माचं रक्त थांबलं. औषधांनी आणि विश्रांतीनं थांबलं, हे मला ठाऊक होतं, डॉक्टरांनाही ठाऊक होतं. काकूंना विचाराल तर सँडलनं. रेश्मानं सँडलची चौकशी केली तेव्हा "पॉलिशला दिल्यात" म्हणाल्या. त्या दिवसांत काकू इतक्या खुशीत होत्या की मी शहाणपण शिकवायच्या भानगडीत पडले नाही.

मग एका शनिवारी आम्ही दोघी बाजारात गेलो. मासळी बाजाराच्या बाहेर पालेभाजीवाल्या बसतात. त्यांत एक नवी, वनिता नावाची, डोंगराकडच्या एका वाडीतली. काकू मेथीची जुडी उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. वनिताच्या पायात डाळिंबी सँडल. जरीचा काठ मळलेला, एका पट्ट्याचं टोक सुटून परत ठोकलेलं, पण त्याच. मी काकूंच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्या जगाच्या पायावर बोलणारी बाई काही बोलली नाही. तेवढ्यात वनिता पैसे सुटे करायला उठली, आणि दिसलं. तिला सहावा-सातवा महिना होता.

रविवारी दुपारी काकू माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत न बसता लादीवर बसल्या.

"तिला पन दिवस गेलेत."

"दिसलं मला."

"माझ्या सुनेची पीडा तिच्या पायात हाय, अनघा."

आता मात्र मला राहवेना. "काकू, असं काही नसतं. चप्पल म्हणजे चामडं. पीडाबिडा सगळं मनाचं."

"नसतं? नक्की?"

"नक्की."

"मग मी त्या तिच्याकडनं आनते. तू घाल. तुझी पोरगी दहावीला हाय. रोज घालून फिर."

मी तोंड उघडलं. माझं शिक्षण, माझी बँक, माझा वाद घालायचा सगळा उत्साह ओठांपर्यंत आला आणि तिथंच बसून राहिला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले, ते बरं झालं. काकूंनी मला हिणवलं नाही. परत आले तेव्हा माझा हात धरला. "तेच सांगते. तुला घालवत नाय, तर तिला का घालू देऊ? आनि परत आनली नि रेश्माला काय झालं तर? एकीचं वाचवायला दुसरीच्या गळ्यात घालायचं?" आणि त्या रडायला लागल्या, हुंदके देऊन, मूल रडतं तशा. मी शेजारी बसले.

रडून झाल्यावर त्यांनीच तोंड पुसलं. "मीच घालीन," त्या म्हणाल्या. "पीडा माझ्या पायाला राहील. पन उंबऱ्याच्या आत नाय येऊ देनार. सँडल दारापर्यंतचीच असते ना? आपल्यासाठी बरंच हाय ते."

दुसऱ्याच दिवशी, मी बँकेतून आल्यावर, त्या मला घेऊन वनिताकडे गेल्या. ह्या सँडल माझ्या, असं म्हटल्यावर वनिता आधी घाबरली. "चोरली नाय ओ मावशी. देवळाबाहेर व्हती, कोन नेत नव्हतं. पाय सुजलेत, दुसरं काय जातच नाय पायात."

"चोरीचं कोन बोलतंय? चल माझ्याबरोबर."

भाजीची पाटी शेजारणीवर सोपवून काकू तिला बाजारातल्या चपलांच्या दुकानात घेऊन गेल्या. वनिताला खुर्चीत बसवलं आणि आख्खं दुकान उतरवलं. ही घसरेल, ही टोचेल, ह्या पट्ट्याला वाकावं लागतं, पोट आडवं येईल. शेवटी एक मऊ, रुंद, हिरव्या पट्ट्याची निवडली, आत हात घालून टोकापर्यंत चाचपली आणि स्वतः खाली बसून तिच्या पायात घातली. दुकानदार बघत राहिला, वनिता तर लाजून लाल. निघताना म्हणाली, "मावशी, तुमच्या त्या सँडलचा पट्टा सुटला व्हता, रस्त्यावरच्या दादाकडनं ठोकून घेतलाय. सांभाळून." काकूंनी ऐकलं. मीही ऐकलं. पण काकू डाळिंबी सँडल पायात सरकवून केव्हाच चालायला लागल्या होत्या.

मग सुरू झालं ते व्रतच होतं. रोज बाहेर जाताना काकू सुनेच्या सँडल घालायच्या. दुसऱ्या नाहीतच. आल्यावर दारात काढायच्या नाहीत, खालच्या जिन्याच्या वळणावर काढायच्या आणि तिथून अनवाणी वर. दिवसेंदिवस. रेश्माला मनोजकडून कळलं की आई रोज तिच्या सँडल घालून फिरते, तर ती अंथरुणात पडल्या पडल्या सुखावली. "मला म्हणाल्या होत्या, रंग भडक आहे!" ती मला म्हणाली.

रेश्माला मुलगी झाली. नऊ महिने भरून, धडधाकट, आवाज असा की समोरच्या दारातून आम्हाला उठवायचा. वनितालाही मुलगा झाला, काकू बाजारात जाऊन बघून आल्या, झबलं देऊन आल्या. आणि बारशाच्या तयारीत सगळं घर असताना काकांना लादीवर एक डाग दिसला. मग दुसरा. डागांमागं डाग बघत ते स्वयंपाकघरापर्यंत गेले, तर काकू लाडू वळत उभ्या. पायाखाली रक्त आणि त्यांना पत्ताच नाही.

अंगठ्याशेजारचं बोट. सँडलमध्ये पट्ट्याला ठोकलेला बारीक खिळा आत वर आला होता आणि रोज थोडा थोडा टोचत होता. मधुमेही पाय, कळलंच नाही. वरून जखम एवढीशी, आत पार पोखरलेलं. डॉक्टर म्हणाले, बोट काढलं नाही तर पाय जाईल. काढलं.

मी दवाखान्यात डबा घेऊन गेले तेव्हा रेश्मा खाटेशेजारी बसून त्या सँडल हातात धरून रडत होती. ओली बाळंतीण, कोणाचं ऐकायला तयार नाही. "माझ्याच सँडलनं गेलं. आई, तुम्ही सगळ्या जगाच्या चपलांत हात घालून बघता. ह्यात का नाही घातला हो?"

"तू दिलेली ना गो," काकू म्हणाल्या. "आपल्या मानसाची वस्तू कोन तपासतं?"

ते ऐकून ती आणखीच रडायला लागली. मग काकूंना ते बघवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मारुती, फुलवाली, वनिता, जिन्याचं वळण. "म्हून तुझा काय दोष नाय. पीडा यायचीच व्हती. तू धड, पोरगी धड, ती भाजीवाली पन धड. एका बोटावर भागलं. स्वस्तात सुटलो."

रेश्मा उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही पायाच पडते. ती ओरडली. "आणि तुम्ही? सगळे धड राहिले पाहिजेत, आणि तुम्ही कोणी नाही का? मला आई नको आहे का?" नर्स धावत आली. काकू उशीला टेकून तिच्याकडे बघत राहिल्या. एवढी शिवी त्यांना कोणी दिली नसेल आणि एवढं सुखही त्यांच्या तोंडावर मी कधी बघितलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "जोडवं आता कुठल्या बोटात घालू?"

काका दारात उभे होते. "घाल गो, असेल त्या बोटात," ते म्हणाले. "मी काय पळून जात नाय."

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, आता अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. घरातसुद्धा चप्पल घालायची. इथं काकू अडल्या. घरात चप्पल? देव आहेत, अन्न शिजतंय, पाळणा आहे. बोट जाऊ दे, पाय जाऊ दे, पण पायातली वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. रेश्मा रागावली, मनोज रागावला, डॉक्टर फोनवर रागावले. काकू दारात चप्पल काढायच्या आणि लंगडत अनवाणी घरात जायच्या. कारण सांगायच्या नाहीत, पण मला ठाऊक होतं. पीडा आत यायला नको.

एका दुपारी मी गेले तर रेश्मा पुन्हा वर्तमानपत्र पसरून बसली होती, ह्या वेळी काकू जाग्या. "तिथं कड आत घे," काकू सांगत होत्या. "बोट नाय तिथं जागा कशाला सोडतेस? सुना पाय दिसेल." रेश्मा निमूट कड आत घेत होती.

आणि मग आमचा निघायचा दिवस आला. सामानाचा ट्रक खाली भरत होता. काकू मला निरोप द्यायला खाली उतरून आल्या होत्या, पायात नव्या सँडल, त्या सकाळीच आलेल्या. पुन्हा डाळिंबीच. रेश्मानं त्या काकूंच्या पायात घालायच्या आधी आत हात घालून टोकापर्यंत चाचपल्याचं मी माझ्या दारातून बघितलं होतं. आम्ही दोघी सावकाश जिना चढून वर आलो. दाराशी काकू थांबल्या आणि सवयीनं एका पायानं दुसऱ्याची टाच दाबली. सँडल सुटेना. पुन्हा दाबली. मग वाकून बघितलं. घोट्याला पट्टा, आणि पट्ट्याला बक्कल.

"हे काय गो? ह्याला तर बसावं लागेल!"

"मुद्दाम तशीच करून घेतली," आतून रेश्मा म्हणाली. ती दारात आली, कडेवर मुलगी. "बोट गेल्यापासून तुम्हाला खाली बसता येत नाही, आणि मी काढून देणार नाही. या आत."

काकू उंबऱ्याबाहेर उभ्या. त्यांनी आत देव्हाऱ्याकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, कडेवरच्या नातीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले. "बग गो अनघा," म्हणाल्या, "सुनेनं फसवलं मना."

रेश्मानं मोकळा हात पुढे केला. "काही येत नाही तुमच्याबरोबर, आई. तुम्हीच येताय."

काकूंनी तिचा हात धरला. आधी एक पाय उचलला, मग चार बोटांचा दुसरा, आणि सँडल घालून घरात गेल्या.